ताई, सोडला!

माझा धाकटा भाऊ मला फुकट काही देत नाही. लहानपणी कैरीची एक फोड दिली तरी त्याबदल्यात म्हशींना पाणी पाजायचं काम माझ्या गळ्यात मारायचा. म्हणून दसरा झाल्यावर एका सकाळी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "ताई, उद्या येतो बिरवाडीला, एक राऊंड खेळू," तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आज बरी आठवण झाली?"

"भनीची आठवण यायला काय वार लागतो गो?"

हे असलं गोड बोलणं त्याचं नव्हे. दोन पावसाळे झाले, तो माझ्या उंबऱ्यात आला नव्हता. फोन ठेवल्यावर मी आमच्या ह्यांना म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "भाऊच येतोय ना? पोलीस तर नाही येत?" यांचं सगळं असंच. यांना माहेरची जमीन नाही, त्यामुळे झोप छान लागते.

मला माहेरची जमीन आहे. कुडपणला, पोलादपूरहून घाट चढून वर गेलं की आमचा माळ लागतो. अर्ध्यावर नाचणी नि वरी, उरलेल्यावर गुरं चरतात. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली. आमच्याकडे रीत अशी की बहिणीनं आपला हक्क सोडायचा. भाऊ साडी नेसवतो, बहीण कचेरीत जाऊन सही करते, आणि माहेरचं दार तिला कायमचं उघडं राहतं. मी सही केली नव्हती. कारण साधं, मला कुणी विचारलंच नव्हतं. पण गणपतीपासून पोलादपूरच्या बाजारात कुजबुज होती की माझा भाचा, म्हणजे या भावाचा मुलगा, मुंबईच्या कुठल्या पार्टीला गाडीतून माळ दाखवायला नेतोय. बाजारातली कुजबुज खोटी असते, पण सगळी नसते.

म्हणजे आता मला विचारणार. आणि विचारलं तर मी काय करू? सही केली तर माळ जाणार. नाही केली तर माहेर जाणार. रात्रभर मी दोन्ही बाजूंनी वळून बघितलं, तिसरी वाट काही दिसेना.

आता कुडपणच्या माणसांचा आणि गोल्फचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. सांगते. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीलगत नदीच्या अंगाला एक जुनं गोल्फचं मैदान आहे. एका कंपनीनं फार वर्षांपूर्वी आपल्या साहेबांसाठी केलेलं, नऊ होलांचं. आंबे, फणस, ऐन, किंजळ, जी झाडं होती ती तशीच ठेवून मधून गवताच्या पट्ट्या काढल्या. दिसायला एखादी बाग वाटते, खेळायला गेलं की समजतं. पट्ट्या एवढ्या अरुंद की चेंडू जरा वाकडा गेला की रानात, आणि हिरवळी एवढ्या लहान नि उतरत्या की बरोबर पडलेला चेंडूही घरंगळून खाली येतो. मी त्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली. भाऊ माझ्याच वशिल्यानं तिथे गवत कापायला लागला. सुट्टीच्या दिवशी कामगारांना खेळायची मुभा होती, तेव्हा साहेबांच्या टाकून दिलेल्या काठ्या घेऊन आम्ही दोघं शिकलो. पुढे तो गावी परतला, ट्रॅक्टर घेतला, पण खेळ सुटला नाही. माझाही नाही. साठी उलटलेली बाई खांद्यावर पिशवी टाकून निघाली की बिरवाडीत अजून लोक दारातून बघतात. बघोत.

दुसऱ्या दिवशी तो आला तो हातात डबा घेऊन.

"तुझ्या वहिनीनं नाचणीचे लाडू दिलेत."

वहिनीनं! जिनं मला आजवर चिमूटभर मीठ दिलं नाही, तिनं लाडू! मी डबा घेतला आणि न उघडता पिशवीत टाकला. त्यानं ते बघितलं.

पहिल्या होलाला सुरुवातीच्या ओट्याशी जुना आंबा आहे, त्याची एक फांदी बरोबर वाटेत येते. तिच्या खालून तरी मारायचं, नाहीतर उजवीकडून वळवून. मी खालून मारला. चेंडू सरळ गेला.

"वा ताई! काय मारलास!"

अगं बाई. हा माणूस मी लॅबमध्ये पहिला नंबर काढून बढती मिळवली तेव्हा "बरं" म्हणाला होता.

हिरवळीवर पोचलो. चेंडू होलात ढकलायच्या शेवटच्या हलक्या फटक्याला पट म्हणतात. दोघांच्या सामन्यात एक सोय असते. चेंडू होलाच्या अगदी जवळ असला, चुकायचा प्रश्नच नसला, तर समोरचा म्हणतो, राहू दे, गेला असं धरू. साहेब लोक त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणायचे. आम्ही गवतकापे नि लॅबवाले म्हणायचो, "सोडला!" तेवढा एकच शब्द.

माझा चेंडू होलापासून चांगला काठीभर लांब होता, तोही उतारावर. असा पट दहादा मारला तर निम्म्या वेळा चुकतो.

"ताई, सोडला," भाऊ म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "हा? हा सोडला?"

"हा जाईलच की तुझा."

मला रागच आला. लाच खाल्ल्यासारखं वाटलं. पण चेंडू उचलला. खोटं का बोलू, पहिला होल जिंकला तर कुणाला नको असतो?

दुसरा होल ओढ्यापलीकडे. पाऊस सरला होता, तरी ओढा अजून खळाळत होता आणि गवत ओलं होतं. माझा चेंडू पलीकडे गेला पण रानात शिरला, किंजळीच्या खाली, जिथे पालापाचोळा गुडघाभर असतो. मी हळूहळू उतरेपर्यंत हा पुढे जाऊन उभा. "गावला! बरा पडलाय."

बरा म्हणजे? पाचोळ्याच्या बाहेर, मोकळ्या गवतावर, ताटात वाढल्यासारखा. मी त्याच्या बुटांकडे बघितलं. बुटांना पाचोळा चिकटलेला.

"तू पायानं ढकललास काय रे?"

"काय पण बोलतेस! आईशप्पत नाय."

आईची शपथ तो नेहमी खोटीच घेतो. आईही हसायची.

तिसऱ्या, चौथ्या होलालाही तेच. "ताई, सोडला. ताई, सोडला." मी म्हटलं, मला मारू तरी दे, मी खेळायला आलेय. तर म्हणतो, "तुझे गुडघे कसे हायत आता?" मी मनात म्हटलं, आली गाडी स्टेशनात. गुडघ्यावरून घाटावर जाणार, घाटावरून माळावर. ताई, तुला आता वर चढवत नाय, तू माळाचं काय करणार. मी उत्तर जुळवून ठेवलं. म्हटलं, "गुडघे ठणठणीत. परवाच जिना दोनदा चढले." परवा एकदाही चढले नव्हते.

तो पुढे बोललाच नाही. नुसता "बरं" म्हणाला आणि चालू लागला. मी जुळवून ठेवलेलं उत्तर तसंच तोंडात राहिलं. त्याची मला आणखीच चीड आली. बोलायचं तर बोल ना मेल्या! सापळा लावून ठेवायचा नि स्वतःच झाडामागे बसायचं, ही कुठली पद्धत?

त्याचा फोन सारखा वाजत होता. तो काढायचा, बघायचा, बंद करून परत खिशात टाकायचा. पाचव्या होलाला कोपऱ्यावर एक मोठा ऐन आहे, वाट तिथून काटकोनात वळते. ऐनाच्या अलीकडे चेंडू थांबवला नाही तर पुढचा फटका मारायला जागाच उरत नाही. भाऊ मारायला उभा राहिला आणि पुन्हा फोन. चेंडू गेला सरळ ऐनाच्या बुंध्यावर, टाळकन आवाज झाला आणि आमच्याच दिशेनं परत आला.

"कोण आहे एवढं?" मी विचारलं.

"पोरगा. दुधाचं काहीतरी विचारतोय."

दूध सकाळी डेअरीत जातं. दहा वाजता दुधाचं काय विचारायचं असतं? मी डोळ्यांनी विचारलं, त्यानं डोळे चुकवले.

सहाव्या होलावर एक गंमत झाली. गंमत म्हणजे तेव्हा मला गंमत वाटली नाही. त्याचा चेंडू होलापासून वीतभर होता. मला रागाच्या भरात वाटलं, याचं सारखं देणं नको, आपणही टाकावं याच्या पदरात. मी जोरात म्हटलं, "जा, सोडला!"

तो खाली वाकला होता तो तसाच थांबला. मग सावकाश उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"काय सोडला?"

"काय म्हणजे? पट सोडला. दुसरं काय सोडणार मी?"

"नाय, काय नाय," म्हणत त्यानं चेंडू उचलला. पण माझं काम झालं होतं. चेंडू सोडला, हक्क सोडला, माळ सोडला, शब्द एकच. त्याच्या डोक्यात काय घोळतंय ते आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं होतं आनंदानं धक्का बसलाय. म्हटलं, बघा, बहिणीनं सोडलं असं वाटून कसा दचकला, एवढी घाई!

सातवा होल नदीच्या कडेनं जातो. डावीकडे नदी, उजवीकडे बांबूचं बेट. मी इतकी रागावले होते की चेंडू थेट नदीत घातला. आठवाही घालवला. आणि मजा बघा, या दोन्ही होलांवर त्यानं एकदाही "सोडला" म्हटलं नाही. मी मागे चालत होते आणि विचार करत होते की आता गोड बोलणं संपलं वाटतं, आता सरळ हात घालणार. आता बोलला की काय म्हणायचं? हो म्हणावं, तर वडिलांनी उन्हातान्हात दगड वेचून केलेला तो माळ कुठल्या कोण परक्याच्या घशात. नाही म्हणावं, तर चुलीपाशी बसून खाल्लेली भाकरी संपली, दिवाळीचा पाट संपला, "ताई आली गो" ही आरोळी संपली. मला रडू येत होतं नि रागही येत होता. त्यात रागच बरा म्हणून मी रागाला धरून ठेवलं.

नववा होल शेवटचा. हिरवळ कासवाच्या पाठीसारखी फुगीर, चेंडू मध्यावर टिकला तर टिकला. सामना बरोबरीत होता. त्याचा चेंडू आधीच होलात गेला होता. माझा चेंडू होलापासून हातभर. हा गेला की मी जिंकले. पहिल्या होलावर त्यानं याच्या दुप्पट सोडला होता.

मी वाट बघत उभी राहिले. तो झेंड्याची काठी धरून उभा.

"बोल की," मी म्हटलं. "सोडलास का?"

"नाय सोडला," तो म्हणाला. "मार, ताई."

मला कळेना. सकाळपासून साखर पेरली आणि आता ऐन वेळी?

"आणि तू पण सोडू नको," तो खाली बघत म्हणाला. "माळ. सही करू नको."

काठी माझ्या हातात तशीच राहिली.

मग त्यानं भडाभडा सांगून टाकलं. पोरानंच पाठवलं होतं त्याला. आत्याला खेळायला ने, जिंकू दे, खूश झाली की सहीचं बोल, असं शिकवून. लाडूही त्यातलेच. पार्टी वर बंगले बांधणार आणि गोल्फही करणार म्हणे. "आत्याला लाइफ मेंबर करू, सांग तिला." आमच्या माळावर गोल्फ! तिथला वारा गाय ढकलतो, चेंडू तर साताऱ्याकडे जाऊन पडायचा.

"सकाळपासून बोलू बोलू म्हटलं, तोंडातनं निघंना. सहाव्यावर तू सोडला म्हणालीस तेव्हा म्हटलं, झालं, हिनं न विचारताच सोडलं."

मी तेवढ्यात विरघळले होते. खरंच. त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं. पण माझं डोकं एकदा शंकेला लागलं की थांबत नाही.

"अरे, पण माळ विकायला तुझीही सही लागते ना? मग तूच नाही म्हण की."

तो झेंड्याची काठी या हातातून त्या हातात घेत राहिला.

"बोल."

"मला त्यांच्यात राहायचंय, ताई. म्हातारपण त्यांच्या हातात हाय."

"आणि मी?"

"तुला तुझं घर हाय की."

बघा! म्हणजे मुरत होतं ते पाणी इथं मुरत होतं. त्याला माळही हवा होता आणि भाकरीही हवी होती. वाईटपणा तेवढा मी घ्यायचा. फुकट काही देत नाही हा माणूस, हे मी उगाच म्हणत नाही.

"मेल्या," मी म्हटलं, "कैरीच्या फोडीवर म्हशी पाजून घेणारा तू!"

तो हसलाही नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तेवढ्यात परत फोन वाजला. या वेळी माझा. भाचा. बापानं उचलला नाही म्हणून मला.

"आत्या, बाबा बोलले ना? मग फायनल समजू?"

मी आवाज मोठा केला, भावालाही ऐकू जावा म्हणून.

"बोलला. हात जोडले त्यानं माझ्यापुढे. पाया पडायचा तेवढा राहिला. मीच नाही म्हटलं. मी सही करणार नाही, आज नाही नि कधी नाही."

भाच्याचा सूर एकदम बदलला.

"एवढा मोह बरा नाय, आत्या. ठीक हाय. मग आमच्या दारात पण परत येऊ नको."

आमच्या दारात! ज्या दाराची चौकट बसवताना मी वडिलांना खिळे आणून दिले होते, ते आता "आमचं दार" झालं. मी फोन बंद केला आणि भावाकडे बघितलं. त्यानं सगळं ऐकलं होतं. आता तरी एक शब्द बोलेल, म्हणेल की नको ताई, मीच सांगतो त्याला खरं काय ते. मी वाट बघितली. तो झेंड्याच्या काठीवरचा चिखल नखानं खरवडत होता.

"मारतेस ना?" शेवटी तो म्हणाला.

मी मारला. चुकला. सामना बरोबरीत सुटला.

लाडू मी घरी येऊन खाल्ले. चांगले होते. ह्यांनी विचारलं, "काय होतं मग भावाचं?" मी म्हटलं, "काही नाही, खेळायला आला होता."

माळ विकला गेला नाही. पार्टी दुसरीकडे गेली म्हणतात. पोलादपूरच्या बाजारात आता कुजबुज माझी असते. शिकलीसवरलेली बाई, पेन्शन खाते, आणि भावाच्या संसारावर टपून बसली. काही बायका तोंडावर बोलतात. मी ऐकून घेते, मग भाजीवालीशी उगाच भांडते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी फोन आला. "ताई, उद्या एक राऊंड?"

मी काय समजायचं ते समजले. सकाळी गोल्फच्या पिशवीत काठ्यांच्या बाजूला ताम्हन घातलं, निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. पहिल्या होलाच्या आंब्याखाली दगडी बाक आहे, त्यावर त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. वाऱ्यानं निरांजन विझायला लागलं तेव्हा त्यानंच दोन्ही हातांचा आडोसा धरला. मी ओवाळलं. त्यानं खिशातून नाचणीच्या कणसांची एक जुडी काढली आणि ताम्हनात ठेवली. माळावरची, यंदाची.

"घरी काय सांगून आलास?"

"महाडला जातो म्हटलं. ट्रॅक्टरचा पार्ट आणायला."

मला बोलायचं खूप होतं. हेही मनात आलं की हा पहिल्यापासून वाईटपणा माझ्या माथी मारायचं ठरवूनच आला होता की काय, ते डोळ्यांतलं पाणी, तो पांढरा चेहरा, सगळं? अजूनही येतं. पण सणाचा दिवस म्हणून गप्प बसले. नऊ होल खेळलो. त्यानं एकही पट सोडला नाही, मीही नाही.

निघताना फाटकाशी त्यानं मोटारसायकल वळवली, आणि चालू करण्याआधी खिशातून रुमाल काढला. आरशात बघून कपाळावरचं कुंकू पुसलं. एकदा पुसून जाईना म्हणून थुंकी लावून पुसलं. मी चार पावलांवर उभी होते, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. गाडी चालू झाली.

"अरे थांब!" मी ओरडले. "केसात अक्षता राहिल्यात."

त्यानं डोकं खाली वाकवलं. मी त्या एकेक करून काढल्या.